मांडीचे दुखणे आणि न उतरणारा ताप: मुलांच्या स्नायूतील जंतुसंसर्ग

आपली आठ वर्षांची मुलगी जिन्यावरून घसरली, चौथ्या दिवसापासून तिला ताप येतो, उजवी मांडी दुखते, ती लंगडते आणि बाहेरून मात्र काही दिसत नाही, असे आपण लिहिले आहे. एका डॉक्टरांनी मुका मार म्हटले, तर दुसऱ्यांनी स्नायूत पू झाल्याची शंका घेऊन एमआरआय सुचवला. कोणाचे ऐकावे आणि शस्त्रक्रिया टळेल का, हा आपला प्रश्न आहे. मी मुंबईत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. मुलीला न पाहता निदान सांगता येणार नाही, परंतु दुसऱ्या डॉक्टरांची शंका मला रास्त वाटते आणि तिला आजच मुलांच्या रुग्णालयात दाखवावे असे माझे मत आहे.

मुक्या माराचे दुखणे दिवसागणिक उतरत जाते आणि त्यामुळे असा चढता ताप येत नाही. पडल्यानंतर काही दिवसांनी सुरू होऊन वाढत जाणारे, एकाच बाजूचे दुखणे तापासह आले, की हाड, सांधा आणि स्नायू या तिन्ही ठिकाणी जंतुसंसर्ग शोधावा लागतो. स्नायूतल्या अशा संसर्गाला पायोमायोसायटिस म्हणतात आणि तो बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतो. खाजवून चिघळलेला डासाचा चावा किंवा छोटेसे गळू एवढ्या वाटेनेही हा जंतू रक्तात शिरू शकतो. निरोगी स्नायूत तो सहसा टिकत नाही, मार लागलेल्या स्नायूत टिकतो. म्हणजे पडल्याची हकीकत खरी असूनही तीच डॉक्टरांची दिशाभूल करते. स्नायू खोल असल्यामुळे सुरुवातीला त्वचा लाल होत नाही. मांडी लाकडासारखी कडक लागते, आणि पू जमेपर्यंत एक ते तीन आठवडेही जाऊ शकतात.

पावसाळ्यातल्या मुंबईत गोंधळ आणखी वाढतो, कारण डेंग्यूतही अंग दुखते आणि साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या मुलाला लेप्टोस्पायरोसिस झाला तर पोटऱ्या दुखतात व डोळे लाल होतात. फ्लूनंतर काही मुले अचानक चालेनाशी होतात, पण त्यांच्या दोन्ही पोटऱ्या दुखतात, रक्तातले सीपीके (स्नायूला इजा झाली की वाढणारे द्रव्य) बरेच वाढलेले असते आणि आठवडाभरात ती बहुधा आपोआप बरी होतात. याउलट स्नायूत पू होत असताना सीपीके अनेकदा सामान्यच येते, त्यामुळे तेवढ्या एका अहवालावर निर्धास्त होऊ नये. खुब्याचा सांधा कोणत्याही दिशेने हलवू देत नसेल, तर सांध्यातच पू असण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो. मुलगी मांडी पोटाशी घेऊन पडून राहत असेल आणि पाय सरळ करताना रडत असेल, तर कमरेतल्या सोआस स्नायूकडे पाहावे लागते. उजव्या बाजूला हेच दुखणे अपेंडिक्ससारखे भासते. त्या स्नायूत पू सापडला, तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार टाळता येत नाही, म्हणून पुवाची, क्षयाचे जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट तपासणीही करून घ्यावी.

रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेले आढळतात. सोनोग्राफी स्वस्त आहे, लगेच होते आणि जमलेला पू दाखवते, पण पहिल्या टप्प्यात तिच्यात फक्त सूज दिसते किंवा काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये ही सूज आधीच कळते आणि शेजारचे हाड व सांधा शाबूत आहेत का, तेही समजते. म्हणून खर्च आणि लहान मुलाला झोपवण्याची खटपट असूनही तो करावा असे मी सांगेन. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो: मुलीची प्रकृती गंभीर नसेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला लावा. घरी उरलेल्या सिरपचे दोन-चार डोस दिले, की ताप थोडा दबतो, कल्चर कोरे येते आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात.

पू जमण्याआधी निदान झाले, तर शिरेतून दिलेल्या औषधांवर बरीच मुले शस्त्रक्रियेविना बरी होतात. सुरुवात बहुधा क्लोक्सासिलिन किंवा सेफाझोलिनने होते, आणि मेथिसिलिनला, म्हणजे या नेहमीच्या प्रतिजैविकांनाही, न जुमानणाऱ्या जंतूची शंका असेल, तर व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिन दिले जाते. पू जमला असेल, तर तो काढावाच लागतो. पुष्कळदा सोनोग्राफीखाली सुईने किंवा नळीने काम होते, खोल किंवा कप्पे असलेल्या पुवासाठी चीर द्यावी लागते. ताप उतरून सीआरपी घसरू लागले, की तोंडाने औषध सुरू होते आणि एकूण उपचार साधारण तीन ते सहा आठवडे चालतात. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर औषध बदलण्याआधी पुन्हा सोनोग्राफी करावी, कारण बहुतेक वेळा पू कुठेतरी शिल्लक असतो.

तोवर मांडीला मालीश करू नये आणि हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेऊ नये. मुलगी सुस्त झाली, श्वास जोरात घेऊ लागली, लघवी कमी झाली, किंवा दिसणाऱ्या सुजेच्या मानाने दुखणे असह्य असून त्वचा काळपट पडू लागली, तर ओपीडीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जावे.