लग्नाचा शालू आणि बजेट

प्रश्न: ताई, मे महिन्यात गुहागरला माझं लग्न आहे, माझ्या सगळ्या कपड्यांसाठी घरून ४० हजार मिळालेत. आईला वाटतं शालू भारीच हवा, मला पैठणीपण आवडते. खर्च कसा बसवू?

उत्तर: अगं, ४० हजारात छान होतं सगळं, फक्त आधी दुकानात जाऊ नकोस. आधी घरात विचार की अष्टपुत्री, म्हणजे लग्नातली पिवळी साडी, कोण देणार, बऱ्याच घरी ती मामाकडून येते आणि शालू सासरचे देतात, मग तुझे पैसे उगाच तिथे कशाला घालायचे? दुसरं म्हणजे ब्लाऊजची शिलाई, फॉल-पिको, परकर आणि खरेदीला दादर किंवा कोल्हापूरला जाणार असशील तर गाडीभाडं, हे ८-९ हजार आधीच बाजूला काढ, कारण सगळ्यांचं बजेट इथेच फसतं गं. उरलेल्या पैशात एकच साडी भारी घे आणि दुकानदाराला पहिल्यांदाच आकडा सांग, तो वरच्या रेंजच्या साड्या उलगडायला लागला की डोळे तिथेच अडकतात.

पैठणी घेतलीस तर पदर उलटून बघ. हातमागाची असेल तर मागची बाजूपण जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मागे धागे लोंबत किंवा कापलेले असतील तर ती मशीनची, तिला हातमागाचा भाव देऊ नकोस. सिल्क मार्कचा, म्हणजे रेशीम अस्सल असल्याचा, टॅगपण माग.

आणि मे महिन्यात आपल्याकडे काय घाम येतो तुला माहितीये, जड जरीची साडी दिवसभर नाही नेसवत, त्यामुळे रिसेप्शनला हलकीच घे. आईला सोबत नेच, पण आकडा घरीच ठरवून.