फाइल डिलीट केल्याने व्हीपीएनचा ॲक्सेस जात नाही

तुमची अडचण मला समजली ती अशी: सगळ्या टीमला ओपनव्हीपीएनची (खासगी नेटवर्कमध्ये बाहेरून सुरक्षितपणे शिरण्याचं सॉफ्टवेअर) एकच ओव्हीपीएन फाइल (सेटिंग्ज, सर्टिफिकेट आणि की एकत्र असलेली) वाटलेली आहे, त्यासाठी सर्व्हरवर डुप्लिकेट-सीएन (एकाच नावाच्या सर्टिफिकेटने अनेकांना एकाच वेळी जोडू देणारी सेटिंग) चालू आहे, एक जण काम सोडून गेला, आणि सर्व्हरवरून क्लायंटची सीआरटी (सर्टिफिकेट) फाइल डिलीट करूनही तो अजून आत येतोय.

येणारच. कोणाला आत घ्यायचं याची यादी सर्व्हरकडे नसतेच. त्याच्याकडे असतं ते सीएचं, म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या प्रमाणकाचं, सर्टिफिकेट. समोरून आलेल्या सर्टिफिकेटवर त्या सीएची सही आहे का आणि त्याची मुदत उरली आहे का, मुख्यतः एवढंच तो तपासतो. ईझी-आरएसएच्या (सर्टिफिकेटं बनवण्याचं टूल) इश्यूड फोल्डरमधली फाइल ही नुसती प्रत. ती उडवल्याने उलट तुमचंच काम वाढलंय, कारण रिव्होक (रद्द) करताना ईझी-आरएसए तीच फाइल शोधतं. घाबरू नका, सर्ट्स-बाय-सीरियल फोल्डरमध्ये सीरियल नंबरच्या नावाने तिची दुसरी प्रत असते. ती मूळ नावाने इश्यूडमध्ये परत ठेवा.

आता खरी अडचण. हे सर्टिफिकेट रिव्होक केलं की त्या एकट्याचा नाही, सगळ्यांचाच ॲक्सेस जाईल. गेलेल्या माणसाबद्दल जराही शंका असेल तर आजच रिव्होक करा आणि टीमचा एक दिवस खोळंबा झाला तर होऊ द्या. तशी शंका नसेल, तरच पुढचा सावकाश मार्ग धरा.

आधी प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळं सर्टिफिकेट काढा. माणसागणिक नाही, डिव्हाइसगणिक. फोन हरवला तर फक्त फोनचं रद्द करता आलं पाहिजे, लॉगिनसाठी लॅपटॉप चालू राहिला पाहिजे. कॉमन नेममध्ये (सर्टिफिकेटवरचं नाव) माणूस आणि डिव्हाइस दोन्ही कळतील अशी नावं द्या. 'क्लायंट७' हे नाव वर्षभराने कोणालाच आठवत नाही. नवी आणि जुनी सर्टिफिकेटं एकाच सीएने सही केलेली असल्यामुळे मधल्या काळात दोन्ही चालतील. सर्व्हरच्या स्टेटस फाइलमध्ये कोणत्या कॉमन नेमने कोण कनेक्ट आहे ते दिसतं. तिथे जुनं नाव फक्त अनोळखी पत्त्यांवरून येऊ लागलं की सगळे नव्यावर आले असं समजा. मग जुनं रिव्होक करा आणि डुप्लिकेट-सीएनची ओळ काढून टाका.

सर्टिफिकेट बनवताना एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: प्रायव्हेट की (सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त फाइल) त्या डिव्हाइसवरच तयार होऊ द्या. ईझी-आरएसएची जेन-रेक कमांड तिथे चालवा, तिकडून फक्त रिक्वेस्ट फाइल मागवा, इकडे इम्पोर्ट-रेक आणि साइन-रेक क्लायंट करून सही केलेलं सर्टिफिकेट परत पाठवा. या दोन्ही फाइल्स कोणी वाटेत पाहिल्या तरी बिघडत नाही. कीसकट अख्खी ओव्हीपीएन फाइल मेलने पाठवली तर ती दोघांच्या मेलबॉक्समध्ये कायमची पडून राहते. आणि नोपास (कीला पासफ्रेज नको असा पर्याय) लावू नका. सर्टिफिकेटमुळे डिव्हाइस ओळखलं जातं, ते चालवणारा माणूस नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपवर कीचा पासफ्रेज हा शेवटचा अडसर असतो. जमलं तर सर्टिफिकेटच्या जोडीला पासवर्डही मागा.

आता रिव्होकेशन. बहुतेक जण इथेच अडकतात. ईझी-आरएसएची रिव्होक कमांड चालवल्यावर इंडेक्स फाइलमधल्या (सर्टिफिकेटांची नोंदवही) त्या सर्टिफिकेटच्या ओळीच्या सुरुवातीचं 'व्ही' जाऊन 'आर' येतं. नोंद बदलते, बस. सर्व्हरला यातलं काही कळलेलं नसतं. त्यानंतर जेन-सीआरएल चालवून रद्द सर्टिफिकेटांची नवी यादी बनवायची, ती सर्व्हरवर कॉपी करायची, आणि कॉन्फिगमध्ये सीआरएल-व्हेरिफायने तिचा पाथ द्यायचा. ही ओळ तुमच्याकडे नसणार, त्यामुळे ती घातल्यावर एकदा सर्व्हिस रीस्टार्ट करा. पुढे यादी बदलली की सर्व्हर ती आपोआप वाचतो.

वाचू शकला तर. सर्व्हर सुरू झाल्यावर नोबडी या कमी हक्कांच्या युझरने चालत असेल आणि यादी पीकेआय फोल्डरमध्येच (ईझी-आरएसएचं कामाचं फोल्डर) असेल, तर त्या फोल्डरमध्ये त्याला शिरताच येत नाही. तेव्हा तो बंद पडत नाही, सुरुवातीला वाचलेली जुनी यादीच वापरत राहतो आणि लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो. तुम्हाला वाटतं रिव्होक झालं, आणि तो माणूस आरामात आत असतो. म्हणून यादी पीकेआयच्या बाहेर, नोबडीला वाचता येईल अशा जागी ठेवा.

दुसरं, चालू सेशन यादी बदलल्या क्षणी तुटत नाही. पुढच्या टीएलएस रीनिगोशिएशनला (कनेक्शनच्या कीज पुन्हा ठरवताना) सर्टिफिकेट पुन्हा तपासलं जातं, आणि ते डीफॉल्टने ३६०० सेकंदांनी होतं. तासभर थांबायचं नसेल तर मॅनेजमेंट इंटरफेसवरून (चालू सर्व्हरला कमांड देण्याची सोय) त्या क्लायंटला किल करा.

तिसरं, या यादीलाही मुदत असते, ईझी-आरएसएत डीफॉल्टने १८० दिवसांची. ती उलटली की ओपनव्हीपीएन २.४ आणि पुढच्या आवृत्त्या सगळ्याच क्लायंटना नाकारतात. कोणी काही बदललेलं नसताना एका सकाळी सगळ्यांचं व्हीपीएन बंद, याचं कारण अनेकदा हेच असतं. कोणी रिव्होक झालं नसलं तरी दर तीन महिन्यांनी जेन-सीआरएल चालवा, आणि ही आठवण एका माणसाच्या नाही, टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्याच कॅलेंडरमध्ये सर्टिफिकेटांच्या मुदतीही हव्यात. क्लायंट आणि सर्व्हर दोन्हींची डीफॉल्ट मुदत ८२५ दिवस असते, म्हणजे तुम्ही सगळी एकाच दिवशी काढलीत तर सगळी एकाच दिवशी संपतील. वेगवेगळ्या मुदती द्या.

सीएची प्रायव्हेट की व्हीपीएन सर्व्हरवरच आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण असेल तर आधी ती हलवा. सर्व्हर नेटवर सतत उघडा असतो. ती की ज्याच्या हाती लागेल तो हवी तेवढी सर्टिफिकेटं सही करू शकतो, आणि त्यांची नोंद तुमच्या इंडेक्समध्ये नसल्याने ती तुम्हाला रद्दही करता येणार नाहीत. वेगळं, नेटला न जोडलेलं मशिन आणि कीला चांगला पासफ्रेज, एवढं पुरे. सोडून गेलेल्या माणसाला त्या सर्व्हरवर रूट ॲक्सेस (पूर्ण हक्क) होता का? असेल तर रिव्होक करून भागणार नाही, नवा सीए उभारावा लागेल.

बाकी थोडक्यात. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये सीसीडी-एक्सक्लुझिव्ह लावलं तर ज्याच्या कॉमन नेमची फाइल सीसीडी फोल्डरमध्ये (क्लायंटगणिक सेटिंग्जचं फोल्डर) नाही तो नाकारला जातो. त्या फाइलमधून ठरावीक आयपी देऊन फायरवॉलवर कोणी कुठपर्यंत जायचं तेही ठरवता येतं. ही सोय रिव्होकेशनच्या जोडीला ठेवा, बदली म्हणून नाही. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये रिमोट-सर्ट-टीएलएस सर्व्हर ही ओळ हवीच, नाहीतर तुमच्याच सीएचं क्लायंट सर्टिफिकेट असलेला कोणी सर्व्हर असल्याचं भासवू शकतो.

सगळं झालं की जुनी ओव्हीपीएन फाइल घेऊन स्वतः कनेक्ट करून बघा. सर्व्हरच्या लॉगमध्ये व्हेरिफाय एररच्या ओळीत सर्टिफिकेट रिव्होक्ड असं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर कॉन्फिगमधली सीआरएल-व्हेरिफायची ओळ आणि त्या फाइलच्या परमिशन्स इथे टाका, मी बघतो. फक्त की पेस्ट करू नका.