फिलिपिनो तिनोला घरी केला पण पाणचट झाला, काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की तिनोला, म्हणजे फिलिपिन्सचा आलं घातलेला चिकनचा पातळ रस्सा, करताना बोनलेस चिकन कुकरला लावलं, तीन शिट्ट्या काढल्या, आलं किसून घातलं, शेवग्याचा पाला मिळाला नाही म्हणून पालक, आणि चव आली हॉस्पिटलच्या सूपसारखी, तर आता थोडा गरम मसाला टाकला तर चालेल का. नाही चालणार हो, हळदही नको. मी हे दोन्ही करून बसलोय म्हणून सांगतो.

दुबईत चार वर्षं शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये होतो, तिथे फिलिपिन्समधल्या इलोइलोचा एक जण रूममेट होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, त्याला आम्ही सगळे कुया म्हणायचो, म्हणजे त्यांच्याकडचं दादा. पहिल्यांदा मी तिनोला केला तेव्हा पांढरं पाणी बघून मला राहवलं नाही, चिमूटभर हळद, चिमूटभर मसाला. कुयाने भात घेऊन ताट साफ केलं आणि म्हणाला, चिकन करी छान झालीय, तिनोला कधी करणार?

तर गोष्ट अशी की हा रस्सा दिसायला पाण्यासारखाच असतो. चव येते ती हाडं, आलं आणि पातिस या तीन गोष्टींतून, आणि तुमच्याकडे तिन्ही कमी पडल्या. पातिस म्हणजे फिश सॉस, मोठ्या सुपरमार्केटमध्ये थाई कंपनीचा मिळतो तो घ्या, चालतो.

चिकन किलोभर, हाडांसकट आणि स्किनसकट. आपल्याकडे दुकानदार न विचारता स्किन काढून टाकतो म्हणून आधीच सांगायचं. गावठी कोंबडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, फक्त तास-दीड तास शिजवायची तयारी ठेवा. आलं किसायचं नाही, दोन इंचांचा चांगला जाड तुकडा घेऊन काड्यापेटीतल्या काड्यांसारखं उभं कापायचं, किसलं की रस्सा गढूळ होतो. तेलात आधी आलं, मग लसणाच्या पाच-सहा ठेचलेल्या पाकळ्या, मग एक कांदा, तो नुसता मऊ करायचा, लाल नाही. मग चिकन, आणि लगेच दोन चमचे पातिस.

इथे घाबरू नका, पातिस गरम भांड्यात पडलं की सुक्या मासळीच्या बाजारातून चालल्यासारखा वास घरभर होतो, पाच मिनिटांत तो जातो आणि मागे नुसती चव राहते. चिकनला स्वतःचं पाणी सुटून ते जवळजवळ आटेपर्यंत परतत राहायचं, याला ते सांगकुत्सा म्हणतात. तुमची खरी चूक हीच, तुम्ही परतलंच नाही, थेट पाण्यात उकडलं.

मग पाणी. कुया साधं पाणी घालायचाच नाही, तांदूळ धुतलेलं दुसरं पाणी ठेवायचा, पहिलं मळकट ते फेकून द्यायचं. आपली आजी धुवण म्हणायची तेच. सहा कप घाला, वर येणारा फेस काढत राहा, मंद गॅसवर ब्रॉयलरला अर्धा-पाऊण तास. इलोइलोकडे यात गवती चहाची जुडी गाठ मारून टाकतात, मनिलाकडचे बऱ्याचदा टाकत नाहीत आणि यावरून फ्लॅटमध्ये आपल्या मिसळीवरून होतात तशीच भांडणं व्हायची. मी टाकतो.

चिकन शिजत आलं की कच्च्या पपईच्या जाडसर फोडी, आठ-दहा मिनिटं. पपई आतून पांढरीच हवी, जरा जरी केशरी झाक असली तर सगळा रस्सा गोडूस होतो. नाही मिळाली तर दुधी घाला खुशाल, तिकडेही घालतात. फिलिपिन्सचा लेखक होसे रिझालच्या 1887 च्या नोली मे तांगेरे कादंबरीत जेवणाचा एक प्रसंग आहे, त्यातल्या तिनोलात भोपळ्याच्याच फोडी आहेत, आणि फादर दामासोच्या वाट्याला नेमकी मान आणि चिवट पंख येतो म्हणून तो चिडून बसतो. खरं तर रस्सा त्याच तुकड्यांनी होतो, तेव्हा मान टाकून देऊ नका.

पाला सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, दोन मुठी, झाकण ठेवायचं बस. उकळला की कडवट लागतो. पालकाने ती चव येत नाही. शेवग्याला ते मालुंगाय म्हणतात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून हाच रस्सा देतात. तुम्हाला पाला मिळाला नाही याचं मात्र आश्चर्य वाटलं, कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी असते तोच हा पाला, भाजीवाल्याला शेंगा नको, पाला हवाय असं आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणतात. देठं मात्र नीट निवडा, घशात टोचतात.

मीठ अगदी शेवटी चाखून, पातिस आधीच खारट असतं. ताटात गरम भात, वर रस्सा, आणि बाजूला छोट्या वाटीत पातिस, लिंबू आणि एक तिखट मिरची चेचून, चिकनचा तुकडा त्यात बुडवून खायचा. त्यांचं लिंबू कालामान्सी, छोटं असतं, आपलं साधं लिंबू चालतं. ती वाटी विसरू नका, तुम्हाला मसाल्याची जी आठवण येतेय ना, ती तिथेच भागते.