जखम पायाला, मग अवधाण जांघेत का?

प्रश्न : पायात काटा मोडून जखम चिघळली की दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण येते आणि चालताना ठणकते. जखम खाली असताना गाठ वर का सुजते?
– एक वाचक, कराड

उत्तर : ती गाठ नव्याने आलेली नसते. जांघेत मुळातच लसीका ग्रंथी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या छोट्या गाठी असतात आणि पायाकडची लसीका, म्हणजे पेशींभोवती पाझरलेला द्रव वाहून आणणाऱ्या लसीकावाहिन्या त्यांनाच येऊन मिळतात. काही जंतू लसीकेबरोबर वाहत वर जातात. पण पक्की वर्दी नेतात त्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे शरीरात पहारा देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत त्या प्रथम ओळखल्या. (स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांचे निधन होऊन तीनच दिवस झाले होते.) त्वचेतली अशी पेशी जंतू गिळते, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करते, ते एमएचसी नावाच्या रेणूंवर पृष्ठभागी मांडते आणि साधारण दिवसभरात ग्रंथीत पोहोचते.

तिथे तिला हवी असते नेमकी टी पेशी, म्हणजे ठरावीक तुकडाच ओळखणारी एक पांढरी रक्तपेशी. एखादा तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात, कधी दहा लाखांत एक असते. तिला शरीरभर शोधणे अशक्यच. म्हणून टी पेशीच रक्तातून ग्रंथीत येतात, काही तास फिरतात, जुळले नाही तर पुढच्या ग्रंथीकडे निघतात.

मात्र तुकडा ओळखला म्हणजे काम झाले, असे नाही. डेंड्रायटिक पेशीला जंतूची खूण पटली असेल, तरच तिच्यावर सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू भरपूर येतात आणि टी पेशीवरील सीडी२८ला जुळतात. या दुसऱ्या इशाऱ्याविना टी पेशी निष्क्रिय होते, आणि ते हिताचेच आहे, कारण एरवी मांडलेले तुकडे बहुधा आपल्याच प्रथिनांचे असतात. सोबत सुटणारी सायटोकाइन ही पेशींना निरोप देणारी रसायने टी पेशीने पुढे कोणते काम करायचे ते ठरवतात. मग ती दिवसातून दोन-तीनदा विभागत चार-पाच दिवसांत हजारोंची फौज उभी करते.

दोन-तीन दिवसांतली सूज मात्र या फौजेची नसते. दाहामुळे ग्रंथीकडचा रक्तप्रवाह वाढतो, जास्त पेशी आत शिरतात आणि त्यांची बाहेर पडण्याची वाट काही काळ रोखली जाते; गर्दीने ग्रंथीचे आवरण ताणले जाते, म्हणून ठणका लागतो. जखम भरली की अवधाण बहुधा आपोआप उतरते. ताप चढला, गाठ लाल होऊन मऊ पडली किंवा जखम बरी होऊनही काही आठवडे टणक राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे.