अर्धा कोयता म्हणजे किती माणसं?

एका वाचकाने विचारलं आहे: "बीडकडच्या बातमीत 'तांड्यावरून वीस कोयते गेले' आणि पुढे 'अर्ध्या कोयत्याला उचल कमी' असं वाचलं. कोयता हे हत्यार ना? मग अर्धा कसा? आणि बायका कमावू लागल्या की गरीब-श्रीमंत घरांतलं अंतर कमी होतं म्हणतात, ते या कोयत्यांना लागू पडतं का?"

कोयता हत्यारच. कन्नडात 'कोय्यु' म्हणजे कापणं, तोडणं. आपला शब्द त्याच कुळातला दिसतो. पण धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागात दसरा सरला की त्याचा अर्थ बदलतो. ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक करून नवरा-बायको. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं. सोबतची लेकरं कुणी धरत नाही. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता.

अशी मोजणी मराठीला नवी नाही. गाव आपण उंबऱ्यांनी मोजतो, भाऊ वेगळे झाले की चुली मोजतो. पण उंबरा आणि चूल ही राहणाऱ्या-खाणाऱ्यांची मोजणी. कोयता कमावणाऱ्यांची आहे, आणि कमाईत बाईला बरोबर अर्ध्यावर धरणारा दुसरा शब्द मला तरी आठवत नाही. एरवी रानात गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा, आणि बाईचा कमीच. उसाच्या फडात मात्र बाई वजा झाली की कोयता अर्धा होतो, पाऊण होत नाही!

आता कागदावर काय होतं ते बघा. एका मुकादमाची, म्हणजे तोडणीला टोळी नेणाऱ्याची, वही मी पाहिली आहे. गड्याचं नाव, गाव, 'कोयता १', आगाऊ उचलीचा आकडा, पुढे खाड्यांच्या फुल्या. बायकोचं नाव कुठंच नाही. विचारलं तर म्हणाला, "एक म्हणलं की त्यात ती आलीच की, सर." ऊस तोडतो तो, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते ती, टनाचा हिशेब मात्र एकच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तेव्हा ती वाढही कोयत्याला मिळाली. बाईच्या हातात थेट पैसा पडतो तो बहुतेकदा वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून.

म्हणजे तिची कमाई आहे, पण तिच्या नावावर नाही. तरी घरांची तुलना करायची तर ती मोजावीच लागते, कारण ती काढली की त्या घराचं उत्पन्न निम्म्यावर येतं. खालच्या घरांना वरच्यांपासून आणखी लांब जाऊ न देणारी गोष्ट हीच.

मग अंतर मिटत का नाही? मराठवाड्यात बाईच्या कामाबद्दल आपण काय काय बोलतो ते ऐका. 'कामाला जाते', 'घरीच असते', 'नोकरीला आहे.' ही तीन क्रियापदं नव्हेत, तीन थर आहेत. कामाला जाते ती मजूर. रानात विहिरीला पाणी लागलं, चार पैसे आले, की पहिली गोष्ट काय होते, तर बाई दुसऱ्याच्या रानात जायची थांबते. स्वतःच्या रानात दिवसभर खुरपते, पण कुणी विचारलं तर "घरीच असते". 'नोकरीला आहे' हे तिसऱ्या थराचं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून बायकांच्या कामाचा आलेख इंग्रजी 'यू'सारखा निघतो, आधी उतरतो आणि मग चढतो, असं दाखवलं. आपल्याकडे तो आलेख या तीन वाक्प्रयोगांत एकाच गावात, एकाच दिवशी ऐकू येतो.

तिसऱ्या थरात अंतर वाढतं, कारण नोकरीवाला मुलगा नोकरीवालीच बघतो. दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक असले की दोन पगार, दोन सेवापुस्तिका. बदल्यांच्या कागदात अशा जोडप्यांसाठी खास शब्दही आहे, 'पती-पत्नी एकत्रीकरण'. किती भारदस्त! तिथं जोडपं एकत्र यावं म्हणून अर्ज करतं, कारण सरकारदरबारी ते दोन स्वतंत्र माणसं आहेत. कोयत्याला एकत्रीकरण लागत नाही, तो मुळातच एक. तेव्हा बायकांच्या कमाईनं अंतर घटतं की वाढतं, हे ती कमाई कुठल्या थरातल्या घरात पडते त्यावर ठरतं. नुसत्या 'महिला रोजगार' या शब्दात हे दिसत नाही.

राहिला 'उचल कमी' हा भाग. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. हातच निम्मे, म्हणून उचलही कमी. दीड कोयताही असतो: जोडीसोबत हाताशी आलेला पोरगा. त्याचं लग्न झालं की दोन. दिवाळीआधी आमच्याकडे लग्नाची घाई दिसते, तिच्यात हा अर्धा पुरा करण्याचा हिशेबही असतो, आणि नवरीचं वय कुणी विचारत नाही.