सिक्स्थ फॉर्मचा अर्ज: आधी विषय ठरवा, मग कॉलेज

केंब्रिजजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. कुटुंब मूळ नाशिकचं, तीन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेलेलं. लेक आता इयर 11 मध्ये, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावीला. तिच्या शाळेत सिक्स्थ फॉर्म, म्हणजे आपली अकरावी-बारावीची दोन वर्षं, नाही, त्यामुळे पुढच्या सप्टेंबरसाठी बाहेर अर्ज करायचे आहेत. शाळेने दिलेल्या अंदाजित ग्रेड अशा: मॅथ्स 7, कंबाइंड सायन्स (एकत्रित विज्ञान, त्याला दोन ग्रेड मिळतात) 7-7, जिऑग्रफी 8, इंग्लिश लँग्वेज 5. आई विचारतात: "किती टक्क्यांना प्रवेश बंद होतो? तिच्या बाबांचं म्हणणं, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी असे चारही घ्यायचे, म्हणजे इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्ही दारं उघडी राहतील. तिला जिऑग्रफी हवं आहे. अर्ज फक्त हिल्स रोडला, म्हणजे केंब्रिजच्या नावाजलेल्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजला करायचा, असंही ते म्हणतात. तिथे नाही मिळालं तर वर्ष वाया जाईल का? सोबत अर्जात द्यायचं, तिने स्वतःबद्दल लिहायचं स्टेटमेंट जोडते आहे, ते बाबांनी लिहून दिलंय. मागच्या बाजूला तिने स्वतः काहीतरी खरडलं आहे, तिकडे लक्ष देऊ नका."

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मागच्या बाजूला जे खरडलं आहे, त्याकडेच मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं. त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी टक्क्यांचं.

आपल्या डोक्यात अकरावीचा प्रवेश म्हणजे निकाल लागल्यावरची धावपळ. एकच ऑनलाइन फॉर्म, त्यात दहा कॉलेजांचे पसंतिक्रम, मग गुणवत्ता यादी आणि कटऑफ. इंग्लंडमध्ये हा क्रम उलटा आहे. अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी, साधारण ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान करायचा. कॉलेज शाळेकडून अंदाजित ग्रेड आणि शिक्षकांचा अभिप्राय मागवतं आणि अटींवर जागा देऊ करतं. तिकडे याला कंडिशनल ऑफर म्हणतात. मे-जूनमध्ये परीक्षा होते, ऑगस्टमध्ये निकाल लागतो आणि अटी पूर्ण झाल्या की प्रवेश पक्का. इयर 11 च्या या परीक्षेत, म्हणजे जीसीएसईत, टक्के नसतातच. 9 ते 1 अशा ग्रेड असतात, 9 सगळ्यात वरची. तेव्हा नाशिकहून फोन आला आणि कुणी "किती टक्के?" विचारलं, तर उत्तर शोधत बसू नका.

टक्क्यांच्या जागी तुम्हाला दोन गोष्टी वाचायच्या आहेत. एक, कॉलेजची सर्वसाधारण अट: इतक्या विषयांत किमान इतकी ग्रेड. दुसरी, प्रत्येक विषयाची स्वतंत्र अट. बरेच पालक पहिली वाचून निर्धास्त होतात आणि घोटाळा दुसरीत होतो. ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, मॅथ्स घ्यायचं तर अनेक कॉलेजं जीसीएसई मॅथ्समध्ये 7 मागतात, काही 6 वर घेतात. सायन्सच्या विषयांना 6-6 किंवा 7-7, शिवाय मॅथ्समध्येही ठरावीक ग्रेड. तुमच्या लेकीच्या मॅथ्स आणि सायन्सच्या ग्रेड चांगल्या आहेत, पण मॅथ्स अगदी काठावर आहे. 7 चं 6 झालं तर काय, हे आत्ताच त्या कॉलेजच्या ओपन इव्हनिंगला (पालक-मुलांना कॉलेज दाखवतात ती संध्याकाळ) स्पष्ट विचारून ठेवा. इंग्लिशच्या 5 ची मला मॅथ्सपेक्षा जास्त काळजी वाटते. किमान 4 नसेल तर पुढेही इंग्लिश चालू ठेवावंच लागतं, तो धोका तिला दिसत नाही. पण जिऑग्रफीसारख्या लांबलचक उत्तरांच्या विषयाला काही कॉलेजं इंग्लिशमध्ये 5 किंवा 6 मागतात. तीन वर्षांत 5 पर्यंत आलेली मुलगी 6 ला पोचू शकते. मे महिन्यापर्यंत आठवड्यातून दोन उत्तरं घड्याळ लावून लिहायला सांगा आणि शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. एवढ्यासाठी वेगळा क्लास लावू नका.

आता चार विषयांचं. तुमच्या पत्रातली खरी अडचण ही आहे. अर्जाची नव्हे.

बाबांचा विचार मला कळतो. आपल्याकडे सायन्स घेतलं की पीसीएमबीची सोय असते आणि निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मूल तीन विषयांवर येतं, बाकीचं सगळं सुटतं. विद्यापीठं प्रवेश देताना तीनच ए-लेव्हलच्या ग्रेड मागतात. चौथा विषय प्रामुख्याने फर्दर मॅथ्स (मॅथ्सच्या जोडीचं पुढचं गणित) घेणारी मुलं घेतात. चार घेऊन चारांत बी मिळवण्यापेक्षा तीन घेऊन तिन्हींत ए मिळवणं तिकडे कितीतरी उपयोगाचं. हे बाबांना मी सांगितलं म्हणून सांगा. किंवा त्यापेक्षा, दोघं मिळून तीन-चार विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर एकेका पदवीची प्रवेशाची अट उघडून वाचा. नजरेने वाचलं की पटतं.

वाचताना काय दिसेल ते थोडक्यात सांगते. मेडिकलला केमिस्ट्री जवळपास सगळीकडे लागते, बायॉलॉजी बहुतेक ठिकाणी. सिव्हिल किंवा दुसऱ्या इंजिनिअरिंगला मॅथ्स हवंच, फिजिक्स पुष्कळ ठिकाणी. इकॉनॉमिक्सच्या पदवीला ए-लेव्हल इकॉनॉमिक्स सहसा सक्तीचं नसतं, पण चांगल्या ठिकाणी मॅथ्स मागतात. आणि जिऑग्रफी? ते कुठलंही दार बंद करत नाही. तिकडे त्याला 'सोपा विषय' समजत नाहीत. ए-लेव्हल जिऑग्रफीत विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न निवडून मैदानात जाऊन मोजमापं घ्यावी लागतात आणि तीन ते चार हजार शब्दांचा अहवाल लिहावा लागतो. एकूण गुणांचा पाचवा हिस्सा त्या एका अहवालाला आहे. आकडे, नकाशे, भाषा, सगळ्याचा कस लागतो.

म्हणजे उत्तर एका प्रश्नावर अडलंय: तिला डॉक्टर व्हायचंय का? तुमच्या चार पानांच्या पत्रात 'मेडिकल' हा शब्द पाच वेळा आला आहे, पण एकदाही तिच्या तोंडून नाही. आज रात्री जेवताना नको, तुम्ही दोघी कुठे चालायला जाल तेव्हा विचारा. ती मनापासून 'हो' म्हणाली, तर केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि तिसरा विषय जिऑग्रफी किंवा मॅथ्स. 'नाही' म्हणाली, किंवा तुमच्यासाठी म्हणून 'बघू' म्हणाली, तर माझ्या मते तिचे तीन विषय मॅथ्स, फिजिक्स आणि जिऑग्रफी. त्यात सिव्हिल इंजिनिअरिंग, पर्यावरणशास्त्र, भूगोल, इकॉनॉमिक्स, सगळं शाबूत राहतं. मेडिकल मात्र सुटतं, हे मी लपवत नाही.

मी हे तीन का सुचवते, ते त्या मागच्या बाजूमुळे. बाबांच्या स्टेटमेंटचं पहिलं वाक्य असं: 'मी अत्यंत मेहनती, जिद्दी विद्यार्थिनी असून विज्ञानाची मला लहानपणापासून आवड आहे.' चुकीचं काही नाही त्यात, पण कॉलेजच्या टेबलावर अशा वाक्यांचा ढीग पडलेला असतो. आणि कागद उलटल्यावर पेन्सिलीने लिहिलेलं हे: शाळेच्या फील्डवर्कला एका ओढ्यावर गेलो, दहा मीटर अंतर टेपने मोजलं, वरच्या टोकाला संत्रं सोडलं आणि खालच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन मी उभी राहिले. पहिल्या वेळी संत्रं काठाच्या मुळांत अडकलं, म्हणून तो आकडा आम्ही टाकून दिला आणि पुन्हा तीनदा सोडून सरासरी काढली. मग पुढे एकच ओळ: 'आजोबा फोनवर सांगायचे, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, गळ्याला लागलं. तेही मोजमापच होतं ना?'

ताई, हे वाचून मी खुर्चीत सावरून बसले. गोदावरीचा पूर मारुतीच्या अंगावर मोजणारं सगळं नाशिक तिने त्या इंग्रजी ओढ्याशेजारी आणून उभं केलं आहे, आणि तुम्ही म्हणता लक्ष देऊ नका! आकडा का टाकून दिला हे जी सांगू शकते, तिला विज्ञान कळतं, हे वेगळं लिहावं लागत नाही.

तेव्हा बाबांचं स्टेटमेंट बाजूला ठेवा. त्यांनी रात्री जागून लिहिलंय, त्यांना वाईट वाटेल, तरीही. त्यातल्या पियानोच्या परीक्षा आणि स्वयंसेवेचा उल्लेख शेवटी दोन ओळींत घेता येईल. सुरुवात संत्र्याने. मग मॅथ्स आणि फिजिक्स का, हे तिच्या शब्दांत. इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालेल, व्याकरण शाळेतले शिक्षक बघतील. प्रत्येक कॉलेजला स्टेटमेंट एकाच साच्यात लागत नाही. कुठे शब्दमर्यादा असते, कुठे फॉर्ममध्येच दोन-तीन प्रश्न असतात. मजकूर तोच कापून-जोडून वापरता येतो.

आता 'फक्त हिल्स रोड'. तिकडे 'कॉलेज' या शब्दाचा आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो. तुमच्या भागातली व्हिलेज कॉलेजं म्हणजे हायस्कूलं. केंब्रिजजवळच्या सॉस्टन गावात 1930 मध्ये पहिलं निघालं, गावातल्या मोठ्यांसाठीही दारं उघडी असावीत म्हणून. युनिव्हर्सिटीची कॉलेजं वेगळी. आणि सिक्स्थ फॉर्म कॉलेज म्हणजे फक्त सोळा ते अठराच्या मुलांचं. हिल्स रोड पूर्वी मुलांची शाळा होती आणि लाँग रोड मुलींची. 1974 मध्ये दोन्हींची सिक्स्थ फॉर्म कॉलेजं झाली. दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हिल्स रोडचं नाव मोठं आहे, ऑक्सफर्ड-केंब्रिजला दरवर्षी बरीच मुलं तिथून जातात. ते नाव चुकीचं नाही. पण एकाच ठिकाणी अर्ज करणं चुकीचं आहे.

किमान तीन अर्ज करा. हिल्स रोड, लाँग रोड आणि आसपासच्या ज्या शाळेला सिक्स्थ फॉर्म आहे ती एक. अर्जाला पैसे पडत नाहीत आणि ऑगस्टपर्यंत एकापेक्षा जास्त ऑफर हातात ठेवता येतात. जागा कमी पडल्यावर कुणाला आधी घेणार, याचा प्रत्येकाचा ठरलेला क्रम असतो. कुठे ठरावीक शाळांची मुलं आधी, कुठे अंतर पाहतात. तो क्रम छापलेला असतो, वाचा. आणि दाराला दार किती वेळ लागतो हे बघायला एकदा सकाळच्या बसनेच जा, गाडीने नको. जानेवारीच्या अंधारात ती बस तिला पकडायची आहे.

मुलाखतीचं तुम्ही विचारलंत. शाळांच्या सिक्स्थ फॉर्मला मुलाखत घेऊन मुलं निवडायला नियमानेच मनाई आहे, त्यांनी बोलावलं तरी ती फक्त विषयांबद्दलची चर्चा. सिक्स्थ फॉर्म कॉलेजं बोलावू शकतात, पण तिथेही बहुतेक वेळा 'हे विषय का?' एवढंच असतं. तुम्ही सोबत असाल तर कृपा करून तिच्या वतीने उत्तरं देऊ नका. शांतता पडली तर पडू द्या.

वर्ष वाया जात नाही. एखादी ग्रेड कमी पडली तर निकालाच्या सकाळीच कॉलेज गाठून बोलायचं असतं. कधी विषय बदलून देतात, कधी दुसरीकडची ऑफर कामी येते. पण त्यासाठी तिथे असावं लागतं! तुम्ही ओझरतं लिहिलंय की ऑगस्टमध्ये महिनाभर नाशिकला यायचं आहे. जीसीएसईचा निकाल 2026 मध्ये गुरुवारी, 20 ऑगस्टला आहे आणि नावनोंदणी लगेच त्या दिवसांत होते. निकालपत्र, पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा घेऊन तिने स्वतः हजर राहायचं असतं. परीक्षा जूनमध्येच संपेल. शाळेच्या तारखा आणि कॉलेजचा टेस्टर डे (येणाऱ्या मुलांना तिथले वर्ग अनुभवायला बोलावतात तो दिवस) सांभाळून जुलैत या, गोदेला पाणीही असेल. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परत पोचा. तिकिटं काढली असतील तर आजच बदला.

फीची चिंता नको, सरकारी कॉलेजात या वयाला शिकवणीची फी नाही. पुढे विद्यापीठात मात्र फी ठरवताना कुटुंबाचा राहण्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे पाहतात. त्याची चौकशी बाबांनी या वर्षीच सुरू करावी. त्यांच्या उत्साहाला हे खरोखर योग्य काम आहे.

ओपन इव्हनिंगला जाताना लेकीला जिऑग्रफीच्या शिक्षकांशी एकटीला बोलू द्या. तुम्ही दोघं तेवढ्यात फिजिक्सची लॅब बघून या. आणि तो पेन्सिलीचा कागद खोडू नका. संत्रं दहा मीटर किती सेकंदांत गेलं, तो आकडा तिने लिहिलेला नाही. तिच्या वहीत असेल. तेवढा स्टेटमेंटमध्ये घालायला सांगा आणि मला पाठवा, मी वाचते.

तुमची,
मार्गदर्शक