वेबसाइट बाहेरून करून घेताना

प्रश्न : गच्चीवरच्या बागेची वेबसाइट काढून जाहिरातींतून कमाई करायची आहे. सगळं काम बाहेर देऊ का?

उत्तर : द्या, पण डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि अ‍ॅडसेन्स (गुगलची जाहिरात सेवा) यांची खाती स्वतःच्याच ईमेलवर उघडा. डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असलं, की भांडणानंतर साइट त्याच्याकडेच अडकते. लेखकाला वर्डप्रेसचं (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरचं) ‘ऑथर’ लॉगिन पुरे; त्यातून फक्त स्वतःचे लेख टाकता येतात. आधी पैसे देऊन एकच लेख मागवा, तोही नेमका : ‘१२ इंची कुंडीतली मिरची का मुरडते?’ पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड; एवढंही लेखात नसेल तर दुसरा लेखक बघा. आलेल्या लेखातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाका, उचलेगिरी बहुतेकदा तिथेच सापडते. ‘महिन्याला १०० लेख’वाल्यांच्या नादी लागूच नका. केवळ गुगलच्या निकालांत वर येण्यासाठी पाडलेला घाऊक मजकूर, माणसाचा असो वा एआयचा, गुगलच्या मार्च २०२४च्या धोरणानुसार स्पॅम ठरतो.